टब घ्यावा बसून

"पाळक पाण्यात उतरणार, की बाहेर थांबणार?" फोनवरच्या माणसानं विचारलं.

मी जरा गोंधळले. "पाळक कशाला उतरतील?"

"म्हणजे बाहेरून. मग कड बुटकी ठेवू. एका वेळी माणसं किती?"

"एकच. माझी आई."

"वय?"

"सदुसष्ट."

"या वयात..." त्याच्या आवाजात आदर आला. "धाडसी आहेत."

"धाडस कसलं, गुडघे धरलेत तिचे. रोज अर्धा तास गरम पाण्यात बसायला सांगितलंय."

तो चाचरत म्हणाला, "मॅडम, अर्धा तास? आमच्या टाकीत आजवर तीन सेकंदांच्या वर कोणी बुडालेलं नाही."

चूक माझी होती. आमच्या नगरच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा म्हणजे पाळकांनी कपाळावर शिंपडलेले पाण्याचे थेंब. नव्या मंडळ्या माणसाला अख्खा पाण्यात बुडवून काढतात, आणि त्यासाठी मोठी टाकी लागते, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण आमच्या रस्त्यावरच्या नव्या प्रार्थनागृहाच्या आवारात निळी फायबरची टाकी उन्हात वाळत होती, ती मला सरळ बाथटब वाटली. कडेवर 'महेंद्र फायबर, सुपा' आणि खाली नंबर. मी तो लिहून घेतला.

"माफ करा," मी म्हणाले. "मला टब हवा होता."

"थांबा, फोन ठेवू नका," तो घाईनं म्हणाला. "टाकीच्या आत बाक बसवला की टबच होतो. मला आठ दिवस द्या. पण एक अट आहे... बसून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही."

पप्पा जूनमध्ये गेले. ते होते तोवर मम्मीचे गुडघे दुखत होते, पण घराला ते कधी जाणवलं नाही. तिला काही हवं असलं की ती नुसती मान वळवायची आणि पप्पा उठायचे. ते गेल्यावर मम्मी स्वतः उठू लागली, तेव्हा आम्हाला कळलं की तिला उठता येत नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: उन्हाळ्यापर्यंत सांधे मोकळे झाले नाहीत, तर चालणं विसरा.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी, उपासना आटोपून, मी आणि मम्मी रिक्षा ठरवून सुप्याला गेलो.

महेंद्र पस्तिशीचा होता. केसांवर, भुवयांवर फायबरची पांढरी धूळ, त्यामुळे एकदम वयस्कर दिसायचा. हसला की ते वय गळून पडायचं. कारखान्याच्या मधोमध टब ठेवला होता, चारही बाजूंनी ताडपत्रीचा पडदा. घासकाम करणाऱ्या कलाबाई टॉवेल घेऊन तयार उभ्या होत्या. बाकीच्या कामगारांना त्यानं चहाला पिटाळलं होतं.

"मी चार दिवस यात बसून जेवलोय," तो म्हणाला.

"जेवलात?"

"अर्धा तास एका जागी माणूस दुसरं काय करतो?"

"वाचतो," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग पुस्तक ठेवायला फळी लावावी लागेल."

"टब आईसाठी आहे."

"हो, हो... काकू वाचत असतील ना."

मम्मी साडीसकट पाण्यात उतरली. ताडपत्रीपलीकडून कलाबाईंचा आवाज आला, "लई ग्वाड वाटतंय का न्हाई, आक्का?" बऱ्याच वेळानं मम्मीनं एक मोठा श्वास सोडला. इतक्या महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"काकू, पाठ टेकते?" महेंद्रनं बाहेरून विचारलं.

"टेकते."

"पाय?"

"पोचतात."

"मग?"

"बाक दोन बोटं वर हवा."

पुढच्या रविवारी बाक दोन बोटं वर गेला. त्याच्या पुढच्या रविवारी एक बोट खाली आला. मग मम्मीला कड हाताला गार लागली. मग निळ्या रंगात ती स्वतःलाच सुजलेली दिसू लागली, म्हणून महेंद्रनं दुसरा टब केला, मग पांढरा तिसरा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. सवयीनं प्रत्येक टबचं एक कार्ड करत होते. खोली, पाठीचा उतार, पायरी, शेरा. शेरा मम्मी सांगायची. एका कार्डावर लिहिलंय, 'यात बसल्यावर प्रार्थना सुचते.' दुसऱ्यावर, 'यात बसल्यावर भांडण सुचतं.'

"तुम्ही कुठल्या मंडळीतले?" मम्मीनं एकदा त्याला विचारलं.

"आम्ही विहारात जाणारे, काकू. मी फक्त टाकी करतो. आत कोणी कशासाठी उतरायचं, ते विचारत नाही."

"पाळक उतरणार का, ते मात्र विचारता."

तो कानापर्यंत लाल झाला. मी कार्डात डोकं घातलं.

नाताळ आला. आमच्या घरावर यंदा तारा नव्हता. आमच्यात माणूस गेलं की वर्षभर लग्नकार्य नाही, नवं कापड नाही, दारावर दिवे नाहीत. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आजीनं पाळलं, मम्मीनं पाळलं. मलाही ते पटत होतं. म्हणूनच शनिवारी संध्याकाळपासून माझं वाचनात लक्ष लागेना, तेव्हा मला स्वतःचाच राग आला. पप्पा जाऊन सहा महिने झाले होते, आणि मी आरशासमोर ओढणी बदलून बघत होते. कशासाठी, तर टब बघायला.

जानेवारीत महेंद्रच म्हणाला, "दुसऱ्याचा माल बघितल्याशिवाय माझा घेऊ नका. नगरमध्ये एक शोरूम झालंय. मी येतो बरोबर."

"दुकानदार गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात नेतो?"

"शहाणा नेत नाही."

शोरूममध्ये रेश्मा नावाची चुणचुणीत विक्रेती होती. मम्मी दारातल्या सोफ्यावर बसली ती उठलीच नाही. "तुम्ही बघून या," म्हणाली. टब काळाभोर, आतून दिवे, चाळीस ठिकाणांहून फवारे, आणि उशाशी गाणी.

"सर, मॅडम, दोघांनी बसून बघा ना," रेश्मा म्हणाली. "कोरडाच आहे. नव्या जोडप्यांसाठी हेच मॉडेल चालतं."

"आम्ही..." मी म्हणाले.

"आम्ही तुलना करतोय," महेंद्र म्हणाला.

"सगळी जोडपी करतात, सर. घरी गेल्यावर बंद करतात."

बूट काढून आम्ही आत बसलो. समोरासमोर. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांपासून चार बोटांवर होते. अंतर मोजायची आता मला सवय झाली होती. रेश्मानं दिवे लावले. तो जांभळा झाला, मग हिरवा.

"कसे दिसतो?" त्यानं विचारलं.

"कच्च्या कैरीसारखे."

"तुम्ही..." तो थांबला. दिवा गुलाबी झाला. "तुम्ही बऱ्या दिसता."

"टबबद्दल बोला."

"टब फारच वाईट आहे. पाठीला उतार नाही, उठायला धरायचं कुठं ते कळत नाही. काकू यात बसल्या तर क्रेन लागेल." तो हलला मात्र नाही. "अजून जरा बसून बघू. पाच मिनिटांत टब कळत नाही."

वीस मिनिटं बसलो. कार्डावर मी शेरा लिहिला, 'नको.' त्याखाली काही लिहिण्यासारखं होतं, ते लिहिलं नाही.

खरं तर सुप्याचा तिसरा टब उत्तम होता. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. पण टब ठरला, की सुप्याला जायचं कारण संपणार होतं. आणि कारणाशिवाय जाण्याची मला, त्या वर्षात, परवानगी नव्हती. ती मीच स्वतःला दिली नव्हती.

म्हणून आम्ही तिसगावलाही गेलो. तिथं आबासाहेब नावाच्या बागायतदारानं बंगल्याच्या गच्चीवर परदेशी टब बसवला होता. महेंद्रनं ओळख काढली. मम्मी गाडीतच बसली. गच्चीवर जाऊन पाहिलं तर टब मातीनं भरलेला, आणि त्यात कांद्याचं रोप तरारून आलेलं.

"बसलो की दोन डाव," आबासाहेब म्हणाले. "लई भारी हाय. पण हितं पाणी टँकरचं. मी वर पाण्यात पालथा, अन् खाली बायामानसं हंडे घिऊन रांगेत. दिसतं का बरं ते? मग म्हनलं, रोप टाका."

"चांगलं उतरलंय रोप," महेंद्र म्हणाला.

"तुमी बी टबच घ्यायला निघालाय व्हय? नवीन लगीन दिसतंय."

"नाही हो," मी म्हणाले.

"न्हाई कसं. भांडनं न करता कोन फिरतंय येवढं उन्हात?"

आबासाहेब चहाचं सांगायला खाली गेले. गच्चीवर वारा होता. महेंद्र कांद्याच्या पातीकडे बघत म्हणाला, "एक विचारू?"

"टबबद्दल?"

"नाही..."

तेवढ्यात खालून गाडीचं दार वाजलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मम्मी उतरायचा प्रयत्न करत होती. एक पाय जमिनीवर, एक आत, दोन्ही हात दाराला घट्ट. ती कोणाला हाक मारत नव्हती. नुसती उभी होती, दुखणं ओसरायची वाट बघत.

मी जिना उतरले तो कसा उतरले, आठवत नाही.

दोन महिने. माझ्या रविवारांसाठी मी तिचे गुडघे दोन महिने थांबवून ठेवले होते.

"सुप्याचा तिसरा," मी मागून आलेल्या महेंद्रला म्हणाले. "पांढरा. लवकरात लवकर पाठवा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे पुढच्या रविवारी..."

"यायची गरज नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "स्नानगृहाच्या दाराचं माप तेवढं कळवा."

मी सत्तावीस इंच कळवलं. आठवडाभरानं टेम्पो आला. महेंद्र स्वतः, दोन कामगार, आणि सव्वीस इंच रुंदीचा पांढरा टब. तो दारात येऊन अडला.

महेंद्रनं टेप काढली. "हे चोवीस आहे."

"सत्तावीस आहे. मी दोनदा मोजलं."

"चौकटीसकट मोजलंत?"

मी चौकटीकडे पाहिलं.

"गणिताच्या मास्तरची पोर," मम्मी खुर्चीतून म्हणाली. "चौकट वजा करायची राहिली."

"दार फोडावं लागेल," एक कामगार म्हणाला.

"काही फोडायचं नाही." मम्मीनं काठीनं पलीकडचं दार दाखवलं. "ते दोन फळ्यांचं आहे. खोली स्नानगृहाला लागूनच आहे. पाईप भिंतीतून काढता येईल?"

"येईल," महेंद्र म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून थांबला. माझा चेहरा त्याला दिसला असावा.

ती पप्पांची खोली होती. जूनपासून बंद. आठवड्यातून एकदा मी आत जाऊन धूळ पुसायची, आणि एकही वस्तू न हलवता बाहेर यायची.

"मम्मी, तिथं नको."

"मग मी अंगणात बसू पाण्यात? लोकांना दर्शन देत?"

"वर्ष तरी होऊ दे."

"त्यांच्या खोलीत मी बसले, तर ते तुझ्याकडे तक्रार घेऊन येणार आहेत का?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "एंजेला, मला तिथं बसायचंय गं."

कामगार टब धरून बाहेर थांबले. खोलीतलं मोठं टेबल हलवायचं होतं. मी म्हणाले, ते मी उचलते. महेंद्रनं दुसरी बाजू धरली. टेबल भिंतीपासून सुटलं, तेव्हा खालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ निघाली. मी तिकडे पाहिलं नाही. पाहिलंच, पण थोडंसं.

दारात टेबल तिरपं झालं आणि अडकलं. तो बाहेर, मी आत.

"उजवीकडे घ्या," तो म्हणाला.

"माझ्या की तुमच्या?"

"तुमच्या."

घेतलं. तरीही हललं नाही.

"पुढच्या रविवारी मी काय करू?" त्यानं टेबलाच्या पायांमधून विचारलं.

"आमच्याकडे जूनपर्यंत..."

"माहीत आहे. काकूंनी सांगितलं. जूनच्या आत काही विचारायचं नाही म्हणाल्या."

"केव्हा सांगितलं?"

"दुसऱ्या रविवारी. बाक दोन बोटं वर गेला तेव्हा."

मी टेबलावरून मान उंच करून खुर्चीकडे पाहिलं. मम्मी काठीची मूठ पुसत होती.

"मग आत्ता हे काय चाललंय?" मी त्याला म्हणाले.

"मी काही विचारत नाहीये. टेबल अडकलंय."

त्याच्या भुवईवर धूळ होती. या वेळी आमच्या घरची. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. दोन्ही एकदम येऊ शकतं, हे मी कितीदा वाचलं होतं.

"महेंद्र," मी म्हणाले, "हो."

"मी विचारलंच नाही अजून."

"जूनचं उत्तर आहे. आत्ता देऊन ठेवतेय."

टेबल त्याच्या बाजूनं हललं.

"अरे, निघालं का ते?" मम्मीनं विचारलं.

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

खरं तर ते केव्हाच सुटलं होतं.