पाटी ज्याची त्यानेच काढायची

भाऊजी एमपी नगरच्या बाजारात मोटरसायकलचा प्लग आणायला गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. ऐकायचं तर गप बसा. हसायचं असेल त्यानं गच्चीवरून खाली जावं. ही ऐकीव गोष्ट नाही, मी तिथे उजेडाला बॅटरी धरून उभी होते.

बाळकृष्णभाऊजी म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतले आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांची बायको सरोज माझी मैत्रीण. भाऊजी जन्मभर कारखान्यात इलेक्ट्रिशियन, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. मार्गशीर्षातली अमावस्या, शनिवार. रविवारी सकाळी क्वार्टरची चावी द्यायची होती. सामान गेलेलं, विजेचं मीटरही दुपारीच काढून नेलेलं. मागच्या अंगणात राहिली होती फक्त हेमंतची मोटरसायकल.

हेमंत त्यांचा एकुलता एक. भंगारातून त्यानं ती गाडी उभी केली होती. टाकी एकीची, इंजिन दुसरीचं, हँडल स्वतः वाकवलेलं. ठिणगी पाडायचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनही त्यानंच बसवलं. आवाज इतका, की वसाहतीतल्या म्हाताऱ्या तिला वरात म्हणायच्या.

पोरगा मंडीदीपला एका ठेकेदाराकडे वायरिंग करायचा. बापानं लहानपणीच शिकवलं होतं, काम चालू असेल तर विजेच्या खटक्यावर आपली पाटी लावायची, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. तो घरी गेला असला तरी बोलावून आणायचं. त्यानं 'बाजूला आहे' म्हटलं, की मगच खटका दाबायचा. एक दिवस हेमंत पाटी लावून वर चढला. कुणीतरी घाईत ती ओढून फेकली नि खटका दाबला.

हेमंत टेम्पोतून घरी आला.

म्हणून भाऊजींनी गाडी नव्या घरी न्यायला टेम्पो ठरवला तेव्हा सरोज दारात आडवी झाली. म्हणाली, माझं पोर टेम्पोत आलं, त्याची गाडी टेम्पोत जायची नाही. आपल्या चाकांवर जाईल, नाहीतर मीही इथून हलत नाही.

पण गाडी सुरूच होईना. भाऊजींनी प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. नाही. इग्निशनची पेटी बदलली. नाही. कॉइल ठीक, अर्थिंगही ठीक. अंधार पडला तशी मी बॅटरी घेऊन गेले. मग त्यांनी सीट उतरवली.

खाली एक वायर सुटी होती. तिला दोऱ्यानं बांधलेली लाल पाटी. हेमंतच्या अक्षरात लिहिलेलं, काम चालू आहे.

दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, भाऊजी, जोडा. त्यांचा हात पुढे गेला... आणि थांबला.

"पाटी माझी नाही."

मला संताप आला. ज्या नियमानं पोरगा वाचला नाही तो नियम काय चाटायचा, असं तोंडावर बोलले मी. त्यांनी ऐकलंच नाही. उठून उभे राहिले आणि कारखान्यात मारतात तशी हाक मारली.

"हेमंत. पाटी काढ, बाळा."

काही नाही. अंगणातल्या पेरूचं पान हललं नाही.

"कोणाला बोलावून राहिले तुम्ही?" सरोज आतून आली. पाटी पाहिली. खाली बसली. मग तिनंच हाक मारली.

"हेमंत... आम्ही निघालो रे."



मग गाडीच्या पलीकडून... तिथे भिंत आहे. माणूस मावत नाही...

"बाजूला आहे, आई."

तिघांनी ऐकलं.

मी बॅटरी खाली केली. पाटी नव्हती. वायर जोडलेली. जोडावर सोल्डरचा डाख, चकचकीत. घरात वीज नाही, डाख द्यायचं हत्यार तापणार कशावर? मी बोट लावलं.

पोळलं.

भाऊजींनी किक मारली. एकच. गाडी सुरू झाली. सरोज पोरगा गेल्यापासून रडली नव्हती. तेव्हा रडली, पण त्या आवाजात तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

सकाळी दोघं गाडीवर बसून गेली. भाऊजींच्या मागे ती, पाठीला गाल टेकवून.

हा बोटावरचा चट्टा. सहा वर्षं झाली. लाव हात... गरम आहे ना? डॉक्टरला दाखवलं, त्यालाही काही सांगता आलं नाही.

सरोज बाग सेवनियाच्या त्या नव्या घरून येते कधी कधी. पाणीसुद्धा घेत नाही. आधी हे बोट मुठीत धरून बसते. मी सोडवून घेत नाही.