चाळिसावी जोडी

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पण थेंब पडत नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. अशा उकाड्यात मी लेकीच्या कॉलेजात गेलो.

लेक मानसशास्त्रात संशोधन करायची, आणि तिथंच सहायक म्हणून पेपर तपासायची, प्रयोगाच्या नोंदी ठेवायची. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. ट्रक चालवण्यात जन्म गेला. तिनं मला सोपं करून सांगितलेलं, "बाबा, गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी घरचं माणूस बसलं, की त्या शेजारच्याचा पाय आपोआप दाबला जातो. तिथं ब्रेक नसतोच, तरी! चालवणाऱ्याच्या किती आधी दाबतात, ते मी मोजते."

चाळीस जोड्या हव्या होत्या. एकोणचाळीस झाल्या. शेवटची आम्हा बापलेकीची. "बघा, तुम्हालाही परीक्षेला बसवते की नाही," म्हणून हसायची. त्याआधीच अपघात झाला. गाडी मीच चालवत होतो, ती शेजारी. ब्रेकला मला उशीर झाला. मी वाचलो, ती गेली.

तिचे सर म्हणाले, "काका, चाळीस पुऱ्या झाल्या तरच प्रबंध तिच्या नावानं देता येईल. पण शेजारची जागा रिकामी…"

"बसू तर द्या, साहेब."

खोलीत अर्धी कापलेली मोटार, समोर पडद्यावर रस्ता. शेजारच्या जागेपुढे, पायाखाली, दाब मोजणारी पट्टी. सरांनी दिवे मालवले. मी चालवू लागलो. हळूहळू लाल शाईचा वास आला. पेपर तपासून आली, की तिच्या बोटांना यायचा तसा…

वळणावर पडद्यातली एक म्हातारी रस्त्यात उतरली. तेवढ्यात शेजारची पट्टी करकरली. मग माझा पाय गेला. गाडी थांबली. म्हातारी वाचली.

सरांनी यंत्रातला कागद ओढून घेतला. "काका… दोन रेघा आल्यात. शेजारची आधी."

"मग जोडी धराल ना?"

त्यांनी चाळिसाचा आकडा लिहिला. "धरली. पण यंत्र बंद केलंय मी… आणि ती पट्टी अजून दाबलेलीच आहे."

मी तिथं हात लावला नाही. चालत घरी आलो. शेजारच्या खोलीत परवाच बिऱ्हाड आलेलं; त्या बाईंना आमचं काही ठाऊक नव्हतं. मला पाहून त्या दारात आल्या.

"आजोबा, तुमच्या पायरीवर एक पोरगी बसलेली मघाशी. पाय जमिनीवर गच्च दाबून. म्हटलं, आत ये, पाणी पी. तर म्हणाली, 'नको काकू, पाय उचलला तर बाबांना लागेल.'"