पिवळं स्टिकर

लाल

पहिली भेट पाठमोरी झाली. कारखान्यात जेवणाच्या रांगेत तो तिच्या पुढे उभा होता आणि त्याच्या कोपराला लाल स्टिकर चिकटलं होतं – ‘नापास’. तिचंच. एखाद्या टेबलफॅनवरून निसटून बाहीला लागलेलं. मागची रांग तोंड दाबून हसत होती.

तिनं हळूच ते काढायला हात लावला. तो वळला.

“राहू द्या हो. घरचेही हेच म्हणतात.”

पंखे जोडायच्या लाइनच्या टोकाला बसून ते तपासणं हे तिचं काम. ती जवळ आली की गप्पा बंद पडत. पाठीमागे सगळे तिला लालबाई म्हणत. हा नवा माणूस मात्र नापास पंखा परत घेताना म्हणायचा, “बरं झालं सापडलं.” असं आजवर... कुणीच नाही.

पुन्हा लाल

त्याच्या पंख्यांवर ओरखडा असायचाच. सुपरवायझर काकांनी त्याला बजावलं – आज सुधारलं नाही, तर उद्यापासून गोदामात.

गोदाम कारखान्याच्या पार पलीकडे. तिथून कुणी दिसत नाही.

पुढचा पंखा आला. ओरखडा नखाएवढा. तिचा हात ‘पास’च्या हिरव्या स्टिकरपर्यंत गेला... आणि लालच घेऊन परतला. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती पंख्यावर आणखी वाकली – आणि तेव्हा लक्षात आलं. ओरखडा दरवेळी त्याच जागी, त्याच बाजूला तिरका.

ती उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रूड्रायव्हर उजवीकडच्या आकड्याला टांगलेला. तो डाव्या हातानं ओढायचा. टोक पंख्याला घासत यायचं.

“तुम्ही डावखुरे?”

“हळू बोला,” तो कुजबुजला. “लहानपणी यासाठी फटके खाल्लेत.”

तिनं काकांना सांगितलं, चूक माणसाची नाही, आकड्याची आहे. एकासाठी आकडा हलवायचा म्हणजे डोक्याला ताप, असं काका बराच वेळ कुरकुरले. मग स्वतःच स्टुलावर चढले.

हिरवं

हिरवं. हिरवं. हिरवं.

पिवळं

सुटीची घंटा झाल्यावर तो तिच्या टेबलापाशी आला.

“माझी चूक सगळ्यांनी पाहिली होती,” तो म्हणाला. “ती येते कुठून, ते बघायला कुणी उठलं नव्हतं.”

त्यानं कोपर पुढे केलं. “आता मला कुठलं लावणार?”

तिनं पिवळं लावलं. त्याचा चेहरा उतरला. पिवळं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे?”

“लाइनवरून बाजूला काढायचं...” तिनं मान खाली घातली. “आणि माझ्याजवळ ठेवायचं.”

“किती दिवस?”

“घाईत मी काही पास करत नाही.”

त्यानं शेजारचं स्टूल ओढलं – डाव्या हातानं, सगळ्यांदेखत – आणि बसला.

“बरं झालं,” तो म्हणाला, “सापडलो.”