भिंतीत बुजवलेला डबा

शेवटच्या खोलीतल्या सॉकेटला जीव होता, पण दम नव्हता. मोबाइल चार्ज व्हायचा तो रडतखडत, आणि इस्त्री लावली तर तासाभरानं नुसती कोमट. इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. आता अडलं होतं. उद्या चार वाजता सासऱ्यांना दवाखान्यातून घरी सोडणार होते, सोबत प्राणवायूचं यंत्र होतं, आणि ते रात्रंदिवस चालू राहायला हवं होतं. खालच्या मजल्यावर झोपता येईल अशी खोली ही एकच.

यंत्र बसवणारा माणूस आधीच बजावून गेला होता, "लोंबती वायर चालणार नाही. भिंतीतलंच सॉकेट पाहिजे, अर्थिंगसकट. नसेल तर मी यंत्र खोक्याबाहेर काढणार नाही."

तीन इलेक्ट्रिशियन येऊन गेले होते. पहिल्यानं सॉकेट बदललं. दुसऱ्यानं बदललेलं बदललं. तिसऱ्यानं भिंतीवर थाप मारली, "ही सगळी फोडावी लागेल, आठ दिवस धरा," असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

"मग बाबा माझ्याकडे येतील," थोरली नणंद म्हणाली. ती राहायची तिसऱ्या मजल्यावर. एकदा वर चढवलेले बाबा पुन्हा खाली उतरणार नाहीत, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर ती इतक्या मोठ्यानं बोलत होती.

सुनेनं मात्र सासऱ्यांना फोनवर शब्द दिला होता. "मला... माझ्या खोलीत... ने," एवढं वाक्य त्यांनी तीनदा थांबून पुरं केलं होतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

या सुनेला गल्लीत टेस्टरबाई म्हणत. कधीकाळी शिवणयंत्राची मोटर जळली, दुरुस्त करणारा आठवडाभर फिरकला नाही, तेव्हा बाईंनी ती स्वतःच उघडली. तिथून मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांच्या घंटा. शिकवलं कुणी नाही. दोनदा झटका बसला, तेवढीच गुरुदक्षिणा. टेस्टर कायम अंबाड्यात खोचलेला.

सकाळी नऊला ती स्टूल घेऊन खोलीत शिरली. नणंद दारात उभी राहिली.

"वहिनी, तीन बाप्ये हात टेकून गेले."

"हात टेकले, वन्सं. डोकं कुणी लावलं?"

तिनं सॉकेट उघडलं. टेस्टर पेटला. म्हणजे फेज येत होती. होल्डरला दोन तारा जोडून केलेला तपासणीचा बल्ब तिनं लावला; तो क्षणभर उजळला आणि पिवळा पडत गेला. तिघांनीही टेस्टर पेटलेला पाहून वीज आहे असं म्हटलं होतं. येणारी वीज सगळेच बघतात, परत जाणारी तार कुणी बघत नाही. ती तार, न्यूट्रल, कुठंतरी सैल होती, आणि ते कुठंतरी भिंतीच्या आत होतं.

काम करायचं म्हणून तिनं जिन्याखालचा मेन स्विच पाडला. घरातले पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला. खोलीत येऊन सवयीनं तिनं टेस्टर पुन्हा लावला.

टेस्टर पेटलेलाच होता.

"शेजारून येत असेल," ती म्हणाली. जुन्या घरांत होतं असं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या निवृत्त मास्तरांना तिनं हाक मारली. मास्तरांनी आपलाही मेन पाडला आणि खिडकीतून ओरडले, "पाडला हो! आता माझी आंघोळ तुमच्या हाती!"

टेस्टर पेटलेलाच.

तिनं बल्ब लावला. आता तो पिवळा पडला नाही. न्यूट्रल सैल असताना, दोन्ही घरं बंद असताना, तो जराही न थरथरता जळत राहिला. इतका स्वच्छ उजेड त्या खोलीत तिनं कधी पाहिला नव्हता.

"झालं की दुरुस्त!" नणंद म्हणाली.

"नाही झालं," सून म्हणाली, आणि बल्ब काढला.

मग तिनं बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायला घेतली. टक, टक, टक. सॉकेटच्या वर हातभर अंतरावर, नणंदेच्या लग्नाच्या फोटोमागं, आवाज बदलला. पोकळ. तिनं दवाखान्यात नवऱ्याला फोन लावला आणि बाबांना द्यायला सांगितला.

"बाबा, फोटोमागं काय आहे?"

पलीकडं बराच वेळ श्वास. "डबा... तारांचा. ताईच्या लग्नात... भिंत वाईट दिसायची. गवंड्याकडून... बुजवून घेतला."

नणंदेनं कपाळावर हात मारला. "भिंतीचं खापर आता माझ्या लग्नावर!"

छिन्नी-हातोडीचे दहा ठोके, आणि प्लास्टरची खपली पडली. आत लोखंडी डबा, झाकण गंजलेलं. झाकण निघालं आणि सून मोठ्यानं हसली. न्यूट्रलचा जोड काळाठिक्कर पडलेला, बोट लावताच सुटला. हाच तो चोर! तीन इलेक्ट्रिशियन, पंचवीस वर्षं, आणि हा इथं नवरीच्या फोटोमागं लपून बसलेला. तिनं दोन्ही टोकं खरवडून चकचकीत केली, पिळली, घट्ट आवळली, वर टेप गुंडाळला. अर्थिंगची तारही तिथंच लोंबत होती, तीही जोडली.

मग तिला चौथी तार दिसली.

कापडाचं वेष्टण असलेली, जाड, फेजला पिळून जोडलेली. डब्याच्या तळातल्या भोकातून ती खाली जात होती. टेस्टर तिच्यावरच पेटत होता.

रबरी हातमोजे घालून, लाकडी स्टुलावर उभी राहून तिनं ती तार सोडवली आणि टोकावर टेपचे पाच वेढे दिले. सॉकेट आता मुकं झालं, जसं व्हायला हवं होतं. तार मोकळीच आहे तर ओढून काढावी, म्हणून तिनं ओढली.

तार आली. हात, दोन हात, पाच हात. पायाशी वेटोळं पडत गेलं. डब्यापासून जमिनीपर्यंत जेमतेम तीन हात. घराला तळघर नाही. फरशी, फरशीखाली मुरूम, मुरमाखाली माती.

अकरा हात.

तार अडली. तिनं जरा जोर लावला.

पलीकडून कुणीतरी परत ओढली.

हिसका नव्हता. हळूच. झोपलेल्याचं पांघरूण आपल्याकडं ओढतात तसं.

तिनं हात सोडला. वेटोळं फरशीवरून उलगडत गेलं आणि तार सावकाश डब्यात शिरली. टेपचं टोक भोकाशी येऊन थांबलं, जिथं आधी होतं बरोबर तिथं.

दारात नणंद नव्हती. ती मास्तरांना मेन चढवा म्हणून सांगायला गेली होती. सुनेनं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले, आणि फोटो परत टांगला. उद्या चारला बाबा यायचे होते.

दुसऱ्या दिवशी यंत्रवाल्यानं सॉकेटला आपलं मीटर लावलं, आकडे बघितले, पुन्हा लावलं. "अर्थिंग एक नंबर. कुणी केलं?"

"आमच्या वहिनीनं!" नणंद इतक्या ठसक्यात म्हणाली, की जणू पकड तिनंच धरली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ते कळलं. तिसरा इलेक्ट्रिशियन मुद्दाम येऊन डबा कुठं सापडला ते विचारून गेला. या वेळी त्याला चहा मिळाला नाही. बाबा आपल्या खिडकीशी पडून रस्ता बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी सबंध वाक्य एका श्वासात म्हटलं: "टेस्टरबाई, तुझी सासू आज असती, तर तुला डोक्यावर घेऊन नाचली असती." सून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

नवव्या दिवशी दुपारी सगळ्या गल्लीची वीज गेली. यंत्रासोबतच्या सिलिंडरमध्ये तासभराचाच साठा होता. सून त्याची किल्ली घेऊन धावली, आणि उंबऱ्यात थांबली.

यंत्र चालू होतं.

डोक्यावरचा पंखा बंद. मीटरचा दिवा विझलेला. यंत्र एका लयीत चालू, आणि बाबा गाढ झोपलेले, गालांवर रंग.

"बॅटरी बसवलीस होय? बोलली नाहीस!" नणंद म्हणाली.

सुनेनं फोटो उतरवला. चारही स्क्रू आवळलेले होते. तिनं झाकण काढलं. आत टेपचे पाच वेढे उलगडून, नीट घडी करून ठेवले होते. कापडी तार फेजला जोडलेली होती. जोड सुबक होता, तिच्या जोडापेक्षा सुबक.

तिनं हात लावला नाही. झाकण बसवलं, सिलिंडर जवळ ओढून ठेवला, आणि खाटेशी बसली. तीन तास यंत्र एकदाही अडखळलं नाही.

वीज आली, पंखा फिरला, तशी बाबांनी डोळे उघडले.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"आली, बाबा. तुमचं काही अडलं नाही."

"माझं नाही गं." ते ताज्या, मोकळ्या आवाजात म्हणाले. "त्या खालच्या बाई कधीच्या विचारताहेत. आपली वीज इकडं दिली त्यांनी, आणि त्यांच्याकडं लहान मूल आहे, अंधाराला घाबरतं."