एकोणीस तासांचा रस्ता

काचेपलीकडे आई कपाळावरचे केस मागे सारायला हात उचलत होती. मुलगा येणार म्हणून. अर्ध्या तासात तिचा हात चादरीवरून जेमतेम वीतभर वर आला होता.

काचेअलीकडे विशाखा भोयर उभी होती. हा मंदकाल कक्ष तिनंच बनवलेला. आत एक मिनिट सरलं की बाहेर एक दिवस, एवढीच त्याची करामत. वडील गेले तेव्हा तिचा धाकटा भाऊ प्रफुल्ल टोरंटोहून निघाला होता. नागपूरपर्यंत बारा हजार किलोमीटर, विमान बदलून एकोणीस तास. तो आभाळात असतानाच वडिलांनी डोळे मिटले. त्या एकोणीस तासांचा सूड घ्यायला तिनं पुढची दहा वर्षं घासली.

आता आईजवळ आयुष्याचा पाव तास उरला होता, म्हणजे बाहेरचे पंधरा दिवस. दार एकदा उघडलं की काळ सरळ व्हायचा, पुन्हा मंद करता येत नसे. आत जाताना आई बजावून गेली होती, "पोरगा आल्याबिगर दार उघडू नको व."

विशाखाचा हिशोब सोपा होता. एकोणीस तास म्हणजे आतलं पाऊण मिनिट. मग चौदा मिनिटं तिघं बोलत बसू.

तिचे सहकारी डॉ. रहाटे कक्षाच्या नोंदी ठेवत. ते म्हणाले, "मॅडम, पूर्वी परदेशातली मुलं निरोप मिळाल्यावर दोन दिवसांत पोचायची. आता सरासरी अकरा दिवस लागतात."

"विमानं हळू झाली का?"

"विमानं तीच, अंतर तेच. आई थांबणार हे कळल्यावर कोण धावतं?"

"माझा भाऊ तसा नाही."

तिसऱ्या दिवशी प्रफुल्लचा फोन आला. शुक्रवारी महत्त्वाची बैठक होती. मग मुलीची परीक्षा निघाली. नवव्या दिवशी विशाखा चिडली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, पंधरा दिवस आहेत असं तूच सांगितलंस ना?"

करायला गेले गणपती आणि झालं माकड. अकराव्या दिवशी तिनं कडीवर हात ठेवला. आईची चार मिनिटं उरली होती आणि ती तिला हवी होती, एकटीला. पण आईचा शब्द आठवला. तिनं हात काढला आणि भावाला मनसोक्त शिव्या घातल्या.

चौदावा दिवस संपता संपता प्रफुल्ल आला. मानेभोवती प्रवासातली उशी तशीच होती. "विमान अगदी वेळेवर होतं," तो म्हणाला.

विशाखानं दार उघडलं. उरलं होतं एक मिनिट.

आईचा चेहरा उजळला. "पाह्य व," ती विशाखाला म्हणाली, "निरोप धाडला आन् पाव तासात धावत आला माहा लेक."

प्रफुल्लनं खाली मान घालून तिला चमच्यानं पाणी पाजलं. ते गिळून आईनं विशाखाकडे पाहिलं. चौदा रात्रींची जागरणं त्या तोंडावर होती.

"तुह्यं तोंड कावून उतरलं व?" आईनं विचारलं. "आत्ता तं चांगली होतीस."