शिडी आणू का?

"काय अडकलं वर? शिडी आणू का?"

मोनालीचा तोलच गेला. कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याच्या लोखंडी कठड्याला धरून ती पायाच्या बोटांवर उभी होती, एक हात वर... आणि दारातला तरुण काळजीनं छताकडे बघत होता.

"काही अडकलं नाही. बॅले करून राह्यली मी."

"बैल?"

तिनं डोळे मिटून घेतले. मुंबईच्या एका नृत्यसंस्थेत चार वर्षं पगारी नर्तकी होती ती, पण बोरी अरबात निम्म्या गावाला 'बॅले'चं 'बैल'च ऐकू यायचं. भावाच्या लग्नासाठी दहा दिवस आली होती. सोमवारी परतल्याबरोबर चाचणी, आणि तेव्हा पाय ढिले पडलेले दिसले तर पुढच्या हंगामाचा करार गेलाच. म्हणून जिनिंगचे मॅनेजर असलेल्या पंजाबरावकाकांनी तिला किल्ली दिली होती. त्या वर्षी कापूस अळीनंच खाल्ला, जिनिंग सुरूच झालं नव्हतं. दारातला हा अश्वजित तिथला ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा. कापूस नाही, काम नाही, तरी स्वारी रोज सकाळी हजर.

आणि प्रश्न तरी किती! रोज तेच तेच काहून करता, हा पहिला. तिनं वैतागून सांगून टाकलं – रोज दीड तास हेच, मग सहा तास तालीम, संध्याकाळी बुटांना फिती शिवत बसायचं, आणि ते बूटही आठवड्यात मऊ पडून कामातून जातात. ही तर आमच्याहून वाईट मजुरी, असं तो म्हणाला. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

चौथ्या दिवशी तिच्या मोज्यावर रक्त दिसलं. तो जुन्या नमुन्यातला कापूस चिमटीत ओढून बघत बसला, दोनदा फेकला, तिसरा पुंजका पुढे केला. लांब धाग्याचा आहे, बुटात बोटांपाशी भरा, म्हणाला. बोटांना बोटं लागली... आणि यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

कापसाचा धागा चिमटीत ओळखणाऱ्या माणसाला समोरचा चेहरा वाचता येऊ नये? मोनाली कमालीची वैतागली. पुढचे सगळे दिवस तो असाच येऊन बसला, आणि ती त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली.

रविवारी तिनं बूट पिशवीत भरले, तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं.

"जिनिंग बंद पडलं तवा अर्ज केला होता, मुंबईहून पत्र आलं. कापूस तपासायची नोकरी. मी नाही म्हणून राह्यलो."

"काहून?"

"लोक म्हणतीन, पोरीच्या मागं गेला." तो म्हणाला. "अन्... ते खोटं नसन."

हेच तर तिला ऐकायचं होतं, पण तोंडातून बाहेर आला तो वैतागच.

"इतके दिवस वाट पाहून राह्यली मी, अश्वजित. अन् तुले लोकायचं पडलं?"

"तू... वाट पाहून राह्यली?"

"हो. आवडतोस तू मले. ये मागं. पण उद्या नको येऊ, उद्या चाचणी आहे – तू समोर असला तर माझं लक्ष लागणार नाही. मंगळवारी ये."

अश्वजितनं मान डोलावली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "किती वाजता?"