रांगेतला शेवटचा

रांगेचा हिशेब सोपा असतो. मिनिटाला किती येतात, गुणिले प्रत्येक जण किती थांबतो, की रांगेत सरासरी किती ते कळतं. तिकीटखिडकी असो की राउटर, नियम एकच. आमच्या इस्पितळाच्या राउटरमधून प्रयोगशाळेचे अहवाल वॉर्डात जातात. महिनाभर ते उशिरा पोहोचत होते, म्हणून साहेबांनी मला मोजायला बसवलं.

हिशेब बारा म्हणे, राउटर तेरा दाखवी. कधीही मोजा, एक जास्त.

मी स्वभावाने संशयी. बायको म्हणते, लोक दुधात पाणी शोधतात, हे पाण्यात दूध शोधतात. खोदत गेलो तर रांगेतली निम्मी पॅकेटं, म्हणजे माहितीचे गठ्ठे, पोकळ निघाली, नुसती रांग भरायला सोडलेली. सोडणारे दाजी होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, कायम चपला घासत चालणारे. राउटरची देखभाल त्यांच्याकडे, आणि ही नोकरी मीच लावून दिलेली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. त्यांना काढायचं पत्र साहेबांच्या सहीने खिशात घेतलं. ताईला काय सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं.

दुपारी दाजी आणि मी राउटरच्या यंत्रखोलीत शिरलो. आग लागली तर तिथे ती विझवायचा, माणसाला गुदमरवणारा गॅस सुटतो, म्हणून आत किती माणसं आहेत ते दारावरचा आकडा आतून-बाहेरून दाखवतो. उंबरा ओलांडला की तो बदलतो. आकडा दोन झाला.

दाजींनी काही नाकारलं नाही. "रांग रिकामी होऊ द्यायची नाही, एवढंच," ते म्हणाले. "एक जण सगळ्यात मागे उभा आहे. बाकीचे संपले की त्याचा नंबर."

"आला कुठून?"

"आलाच नाही. आवक बघ."

पाहिलं. आल्याची नोंद कुठेच नव्हती. थांबल्याची होती.

नोकरी वाचवायला माणूस काय वाटेल ते रचतो, मला ठाऊक आहे. मी पोकळ पॅकेटं बंद केली. दाजी माझा हात धरायला पुढे आले आणि अर्ध्यावरच थांबले.

पडद्यावर रांग ओसरू लागली. तेरा. सात. दोन.

एक.

शून्य.

माझ्या मागे कुणीतरी श्वास सोडला, फार वेळ उभं राहिलेला माणूस सोडतो तसा. दाजी माझ्यासमोर होते.

दारावर आकडा तीन.

"तू पुढे हो," दाजी हळूच म्हणाले. "वळू नकोस. मी मधे आहे."

मी बाहेर पडलो. उघडं दार माझ्या बाजूलाच होतं, त्यावरचा आकडा न वळता दिसत होता. दोन. दाजी आले. एक.

दाजी माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. दाराच्या काचेत आकडा शून्य झाला.

लांब व्हरांड्यातून आम्ही निघालो. खिशातलं पत्र मी मुठीत चुरगाळलं. दाजींची माफी मागायची होती, पण ती वळून मागावी लागली असती. मागून चपला घासल्याचा आवाज येत होता, तोवर धीर होता.

वळणापाशी आवाज थांबला.

पावलं थांबली नाहीत. ती घासत नव्हती.